न्यायासन आणि राजसत्ता : १८२९ चा मुंबईतील झगडा

रामशास्त्री प्रभुण्यांचे नाव ठाऊक नाही असे मराठी घर विरळाच. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्यांचा खून झाला आणि गादीवर त्यांचे चुलते रघुनाथराव बसले. त्या रघुनाथरावांनाच शास्त्रीबुवांनी अपराधी ठरविले, देहान्त प्रायश्चित्त सांगितले आणि पुणे सोडले. साताऱ्याच्या ग्रँट डफने आपल्या इतिहासात नोंदविलेली ही कथा पुढे पाठ्यपुस्तकांत, नाटकांत आणि चित्रपटातही आली. बाणेदारपणाचा दाखला म्हणून ती आजही सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे.

परंतु या कथेच्या उत्तरार्धाकडे सहसा कोणी पाहत नाही. शास्त्रीबुवांनी निर्णय दिला, पण तो अमलात आणणारे कोणी नव्हते. ज्याला शिक्षा सांगितली तोच राज्याचा धनी होता. फौज त्याची, खजिना त्याचा आणि न्यायाधीशाची नेमणूकही त्याच्याच हाती. शास्त्रीबुवांना मोकळी राहिलेली वाट एकच होती, ती म्हणजे गावी निघून जाण्याची. निःस्पृह न्यायाधीश असणे ही एक गोष्ट झाली. न्यायालय स्वतंत्र असणे ही दुसरी. पहिली माणसाच्या शीलावर अवलंबून असते, दुसरी राज्याच्या घडणीवर. या दोहोंत किती अंतर असते, हे त्यानंतर पंचावन्न वर्षांनी मुंबईत घडलेल्या एका झगड्यावरून फार स्पष्ट दिसते. त्या झगड्याचे मूळही पुण्यातच होते. रामशास्त्र्यांच्या मानाने ही हकीकत मराठी वाचकांच्या कानांवर क्वचितच पडते.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि दख्खनचा मुलूख ईस्ट इंडिया कंपनीच्या अमलाखाली आला. मुंबई बेटावर मात्र इंग्रजांचा अंमल पूर्वीपासूनच होता आणि तेथे १७९८ पासून रेकॉर्डरचे कोर्ट चालत होते. १८२३ च्या डिसेंबरात इंग्लंडच्या राजाने सनद देऊन या कोर्टाच्या जागी सुप्रीम कोर्ट स्थापन केले व १८२४ च्या मे महिन्यात ते सुरू झाले. कोटातील अपोलो स्ट्रीटवरच्या जुन्या अ‍ॅडमिरल्टी हाऊसमध्ये ते भरे. एक सरन्यायाधीश आणि दोन न्यायाधीश अशी त्याची रचना होती. हे तिघेही कंपनीचे नोकर नव्हते. त्यांची नेमणूक खुद्द राजाकडून होई. कंपनीच्या अंमलदारांवर राजाच्या कायद्याचा वचक राहावा, हा त्यामागचा एक हेतू होता.

त्याच वेळी बेटाबाहेरच्या मुलखात कंपनीच्या स्वतःच्या अदालती होत्या. तेथे न्याय देणारे अधिकारी कंपनीचेच चाकर असत. अशा रीतीने एकाच इलाख्यात दोन न्यायव्यवस्था नांदत होत्या. एकीचा धनी राजा, दुसरीची धनीण कंपनी. बेटावर कोणाचा शब्द चालावा याविषयी फारशी शंका नव्हती. पण बेटाची हद्द ओलांडली की सुप्रीम कोर्टाचा अधिकार नेमका कोठवर पोहोचतो, हे सनदेतून निर्विवाद ठरत नव्हते. वादाचे बी तेथेच पेरले गेले होते.

पहिले सरन्यायाधीश सर एडवर्ड वेस्ट हे करड्या स्वभावाचे गृहस्थ होते. अर्थशास्त्रज्ञ म्हणूनही त्यांचे नाव आहे. जमिनीच्या खंडाविषयी त्यांनी १८१५ साली लिहिलेला निबंध त्या शास्त्राच्या इतिहासात आजही उल्लेखिला जातो. १८२६ साली कलकत्त्याच्या धर्तीवर वर्तमानपत्रांना परवान्याच्या बंधनात बांधणारा नियम मुंबईत लागू करण्याचे सरकारने ठरविले. असा नियम सुप्रीम कोर्टाने नोंदवून घेतल्यावाचून बेटावर कायद्याचे रूप घेत नसे. वेस्ट आणि त्यांचे सहकारी यांनी तो नोंदवून घेण्यास नकार दिला. कलकत्त्याच्या कोर्टाने जे निमूटपणे मान्य केले होते, ते मुंबईच्या कोर्टाने अमान्य केले. सरकार आणि कोर्ट यांच्यात तेव्हापासूनच तेढ वाढत होती.

१८२७ च्या नोव्हेंबरात सर जॉन माल्कम हे मुंबईचे गव्हर्नर झाले. माळव्यातील मराठी मंडळींना हे नाव अपरिचित नाही. १८१८ च्या जानेवारीत होळकरांशी मंदसोरचा तह करणारे आणि त्याच वर्षी दुसऱ्या बाजीरावाला सालीना आठ लाखांच्या तनख्यावर शरण आणणारे तेच हे माल्कम. फारसीचे जाणकार, इराणच्या दरबारी वकिली केलेले आणि देशी राजे-सरदारांच्या मानापमानाची नस ओळखणारे मुत्सद्दी अशी त्यांची ख्याती होती. त्यांना राज्य कळे ते दरबार आणि फौज यांच्या भाषेत. कोर्टकचेरीची भाषा त्यांच्या पचनी पडणारी नव्हती.

दुसऱ्या बाजूला १८२८ च्या आरंभी नवे न्यायाधीश मुंबईस आले. त्यांचे नाव सर जॉन पीटर ग्रँट. हे स्कॉटलंडचे जमीनदार आणि पार्लमेंटचे माजी सभासद. परंतु कर्जात आकंठ बुडालेले. देणेकऱ्यांच्या तगाद्याने त्यांना मायदेश सोडावा लागला होता. त्यांची कन्या एलिझाबेथ हिने पुढे लिहिलेल्या आठवणी प्रसिद्ध आहेत. त्यांत या दिवसांचे वर्णन आढळते. ज्याला पगाराची निकड सर्वांत अधिक, असा हा न्यायाधीश होता. सरकारशी मिळते घेण्यात त्याचा उघड लाभ होता. त्याने तसे केले नाही, ही गोष्ट त्याच्याविषयी मत बनविताना ध्यानात ठेवली पाहिजे.

झगडा ज्या हत्यारावरून झाला, त्याचे नाव हेबियस कॉर्पस. आपल्या संविधानाच्या मराठी पाठात त्याला देहोपस्थितीचा प्राधिलेख म्हटले आहे. त्याचा अर्थ फार साधा आहे. एखाद्याला कोणी अडकवून ठेवले असेल, तर न्यायाधीश त्या ठेवणाराला फर्मावतो की, त्या माणसाला सदेह माझ्यापुढे आण आणि कोणत्या कायद्याने तू त्याला ठेवलेस ते सांग. कारण योग्य असेल तर बंदी परत जातो; कारण नसेल तर तो तेथूनच मोकळा होतो. या आज्ञेत बंदी निरपराध आहे असे गृहीत धरलेले नसते. सत्ताधाऱ्याने उत्तर दिले पाहिजे, एवढेच त्यात गृहीत असते. म्हणूनच निरंकुश सत्तेला ही आज्ञा सर्वांत अधिक खुपते.

१८२८ साली सुप्रीम कोर्टाने असे आज्ञालेख बेटाबाहेर धाडले. एक होता ठाण्याच्या तुरुंगातील बापू गणेश नावाच्या बंद्यासंबंधी. त्याला कंपनीच्या अदालतीने कैदेत घातले होते. दुसरा होता पुण्यातील मोरो रघुनाथ या सुमारे चौदा वर्षांच्या मुलासंबंधी. हा मुलगा पांडुरंग रामचंद्र या वजनदार सरदाराच्या ताब्यात होता. मुलाला त्याच्या मर्जीविरुद्ध अडकवून ठेवले आहे, अशी तक्रार शपथेवर कोर्टापुढे आली आणि मुलाला मुंबईस हजर करण्याची आज्ञा सुटली.

सरदार पांडुरंग रामचंद्र यांना अशी आज्ञा म्हणजे केवढा अपमान वाटला असेल, याची कल्पना करता येईल. दख्खन घेताना कंपनीने तेथील सरदारांना त्यांचा मानमरातब राखण्याचे आश्वासन दिले होते. सामान्य अदालतींच्या कचाट्यातून त्यांना बाहेर ठेवले होते. माल्कम यांना हा सारा प्रकार धोक्याचा वाटला. पेशवाई जाऊन जेमतेम दहा वर्षे झाली होती. राज्यकर्ता एक नसून दोन आहेत आणि एकाने दिलेले वचन दुसरा मोडू शकतो, अशी समजूत सरदारांत पसरली तर मुलूख हाताखाली राहणार नाही, असे त्यांचे म्हणणे होते. हे म्हणणे केवळ अहंकाराचे होते असे म्हणणे अन्यायाचे होईल. तथापि त्या म्हणण्यात त्या चौदा वर्षांच्या मुलाला कोठेच जागा नव्हती, हेही तितकेच खरे.

त्या वर्षीच्या ऑगस्टात वेस्ट मरण पावले. कोर्टात चेंबर्स आणि ग्रँट हे दोघेच उरले. ३ ऑक्टोबर १८२८ रोजी गव्हर्नर व त्यांच्या कौन्सिलने या दोघांना एक पत्र लिहिले. त्याचा आशय असा : विलायतेहून निर्णय येईपर्यंत बेटाबाहेरील देशी लोकांवर आणि कंपनीच्या अदालतींच्या अंमलदारांवर काढलेले आज्ञालेख सरकार बजावू देणार नाही; न्यायाधीशांनी आपल्या अधिकाराचा तसा वापर करू नये.

पत्राची भाषा आदबीची होती. पण ज्या कोर्टापुढे एखादे प्रकरण चालू आहे, त्याच कोर्टाला सरकारने खासगी पत्राने निकाल सुचविणे ही गोष्ट आदबीने झाकण्याजोगी नव्हती. न्यायाधीशांनी ते पत्र दडवून ठेवले नाही. उघड्या कोर्टात, वकिलांच्या आणि पक्षकारांच्या समक्ष त्यांनी त्याचा समाचार घेतला. या कोर्टात सरकार हा एक पक्षकार आहे. त्याला काही सांगावयाचे असेल तर सामान्य अर्जदाराप्रमाणे त्याने वकिलामार्फत अर्ज करावा, त्याहून अधिक मान त्याला येथे मिळणार नाही, असा त्यांच्या बोलण्याचा मथितार्थ होता. चेंबर्स यांचे हे अखेरचेच मोठे कार्य ठरले. त्याच महिन्यात तेही वारले. दोन महिन्यांच्या आत तीनपैकी दोन न्यायाधीश गेले आणि ग्रँट एकटे राहिले.

एकट्या न्यायाधीशाने माघार घेतली नाही. मोरो रघुनाथ याच्या प्रकरणात त्यांनी पुन्हा आज्ञा काढल्या. पुण्याच्या सरदाराने त्या मानल्या नाहीत, कारण सरकार आपल्या पाठीशी आहे हे त्याला ठाऊक होते. ग्रँट यांनी आज्ञा बजावण्यासाठी सरकारचे साह्य मागितले. ते मिळाले नाही. येथे न्यायसंस्थेचे मर्मस्थान उघडे पडले. न्यायाधीशाजवळ शिपाई नाही, तोफ नाही, खजिना नाही. त्याच्याजवळ असतो तो सही-शिक्क्याचा एक कागद. त्या कागदापुढे फौजेचा धनी मान वाकवितो, तोवरच न्यायाला सामर्थ्य. त्याने मान वाकविली नाही तर तो कागद नुसता कागदच राहतो.

१ एप्रिल १८२९ रोजी ग्रँट यांनी एक असाधारण पाऊल उचलले. कोर्टाच्या आज्ञांना मान मिळत नाही आणि त्या बजावण्यास सरकार साह्य देत नाही, तोवर न्यायदानाचे सोंग चालविण्यात अर्थ नाही, असे जाहीर करून त्यांनी सुप्रीम कोर्टाचे कामकाज बंद केले. दिवाणी, फौजदारी, दर्यावरच्या तंट्यांचे, सारेच काम थांबले. ज्या मुंबईत कापसाचे, अफूचे आणि जहाजांचे व्यवहार रोज होत होते, त्या मुंबईत राजाचे कोर्टच नाही अशी अवस्था झाली. बेटावरील व्यापाऱ्यांच्या दाव्यांनाही त्याची झळ बसली. न्यायाधीशाच्या बाणेदारपणाची किंमत ज्यांचा या वादाशी काडीचा संबंध नव्हता अशांनाही मोजावी लागली, हे नमूद करणे प्राप्त आहे.

वाद लंडनला पोहोचला. तेथे हिंदुस्थानचा कारभार पाहणाऱ्या बोर्ड ऑफ कंट्रोलचे अध्यक्ष लॉर्ड एलेनबरो होते. हेच पुढे गव्हर्नर जनरल झाले आणि १८४३ साली ग्वाल्हेरवर चालून गेले. प्रिव्ही कौन्सिलपुढे प्रकरणाची सुनावणी होण्यापूर्वीच, १८२९ च्या फेब्रुवारीत, त्यांनी माल्कम यांना एक खासगी पत्र लिहिले. मुंबईस सरन्यायाधीश आणि आणखी एक न्यायाधीश असे दोघे नवे पाठवीत आहोत. दोन पाळीव हत्तींच्या मध्ये रानटी हत्ती ठेवावा तसे ग्रँट त्यांच्यामध्ये राहतील, असा त्या पत्राचा भाव होता. सरन्यायाधीशाच्या जागी नेमलेले सर जेम्स ड्यूअर हे मुंबई सरकारचेच अ‍ॅडव्होकेट जनरल, म्हणजे सरकारी वकील होते. हे पत्र पुढे फुटले, वर्तमानपत्रांत छापले गेले आणि पुष्कळ गहजब झाला. वरिष्ठ न्यायाधीशाला डावलून मर्जीतल्या माणसाला वर बसविणे ही युक्ती किती जुनी आहे, हे त्यावरून दिसते.

प्रिव्ही कौन्सिलचा अभिप्राय त्याच वर्षी आला आणि तो ग्रँट यांच्या विरुद्ध गेला. दोन्ही आज्ञालेख चुकीने निघाले. बेटाच्या हद्दीबाहेर राहणारा जो मनुष्य व्यक्तिशः सुप्रीम कोर्टाच्या अधिकाराखाली येत नाही, त्याच्यावर अशी आज्ञा काढता येत नाही. कंपनीच्या अदालतीने कैद केलेल्या माणसाची सुटका करण्याचाही सुप्रीम कोर्टाला अधिकार नाही, असे ठरले. सनदेच्या शब्दांकडे पाहता हा अर्थ अगदीच अग्राह्य होता असे नाही. कायद्याच्या दृष्टीने माल्कम जिंकले. ग्रँट १८३० साली मुंबई सोडून कलकत्त्यास गेले, तेथे त्यांनी वकिली केली आणि काही वर्षांनी ते तेथील सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश झाले.

मग या झगड्याचे फलित काय? ग्रँट यांना नायक आणि माल्कम यांना खलनायक ठरवून हा प्रश्न सुटत नाही. कोर्टाच्या हद्दीचा प्रश्न हा कायद्याचा प्रश्न होता आणि त्यात ग्रँट यांची चूक होणे शक्य होते. परंतु न्यायाधीश चुकला तर त्याची चूक दुरुस्त करण्याचा मार्ग वरच्या न्यायासनाकडे जातो. गव्हर्नरच्या पत्राकडे जात नाही. माल्कम यांचा अन्याय तो एवढाच. अखेरीस जे म्हणणे प्रिव्ही कौन्सिलने मान्य केले, तेच त्यांनी आधी फौजेच्या बळावर अमलात आणले. निकाल त्यांच्या बाजूने लागला नसता, तर त्यांनी तो मानला असता काय, या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या वर्तनात सापडत नाही.

दुसरी गोष्ट अशी की, ग्रँट यांची झुंज एका माणसाची झुंज राहिली. इंग्लंडात १७०१ च्या कायद्याने न्यायाधीशाची जागा पक्की झाली होती. सद्वर्तन आहे तोवर त्याला राजाही काढू शकत नसे. हिंदुस्थानातील न्यायाधीश मात्र राजाच्या मर्जीपर्यंतच खुर्चीवर असत. वकिलीच्या धंद्यातील पुढारी सरकारी नेमणुकीकडे डोळे लावून बसलेले. देशी वकीलवर्ग अद्याप उदयास आला नव्हता. मराठी वृत्तपत्रही नव्हते. ‘दर्पण’ निघाले ते १८३२ साली. ज्या पुण्याच्या मुलासाठी कोर्ट बंद झाले, त्या पुण्यात या घटनेचा अर्थ समजावून सांगणारे कोणीच नव्हते. ग्रँट यांच्यामागे ना कायद्याचे कवच होते, ना वकिलांची फळी, ना लोकमत.

ही उणीव भरून निघण्यास शंभर वर्षांहून अधिक काळ लागला. १८६२ च्या ऑगस्टात सुप्रीम कोर्ट आणि कंपनीच्या वेळची सदर अदालत या दोन्ही मोडून मुंबईचे हायकोर्ट उभे राहिले आणि दोन न्यायव्यवस्थांचा जुना भेद संपला. त्याच्या आगेमागे देशी वकिलांचा वर्ग तयार झाला. सरकारविरुद्ध फी घेऊन किंवा न घेता उभा राहणारा वकील ही या देशात अगदी नवीन वस्तू होती. १८९७ च्या राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांना जामीन मिळवून देण्यासाठी दावर उभे राहिले आणि न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजींनी तो दिला. १९०८ साली तेच दावर न्यायासनावर होते. त्यांनी जामीन नाकारला आणि सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सांगितली. माणूस एकच, पण आसन बदलले तेव्हा निर्णय बदलला. न्यायाचे सर्व ओझे माणसाच्या स्वभावावर टाकू नये, याचा याहून बोलका पुरावा नको.

१९१६ सालची हकीकत अधिक आशादायक आहे. बेळगाव आणि अहमदनगर येथे टिळकांनी स्वराज्यावर व्याख्याने दिली. त्यांवरून पुण्याच्या जिल्हा मॅजिस्ट्रेटने त्यांच्याकडून वीस हजारांचा जातमुचलका आणि दहा-दहा हजारांचे दोन जामीन मागितले. टिळकांच्या वतीने बॅरिस्टर जिना उभे राहिले. हायकोर्टात न्यायमूर्ती बॅचलर आणि न्यायमूर्ती लल्लुभाई शहा यांनी व्याख्याने समग्र वाचून तो हुकूम रद्द केला. सरकार परकी, कायदा त्याचा, न्यायाधीशही त्यानेच नेमलेले. तरी सरकार हरले आणि त्याने तो निकाल मानला. १८२८ साली जे घडले नाही ते येथे घडले.

हेबियस कॉर्पसची आज्ञाही हळूहळू मुंबईबाहेर सरकली. १९२३ सालच्या दुरुस्तीने हायकोर्टाचा हा अधिकार त्याच्या अपिलांच्या साऱ्या मुलखावर पसरला. ग्रँट यांनी पुण्याकडे धाडलेला कागद अशा रीतीने पंचाण्णव वर्षांनी पुण्यास पोहोचला. संस्थानी मुलखात, म्हणजे ग्वाल्हेर, इंदूर, बडोदे आणि हैदराबाद येथे, संविधानाचे संरक्षण आले ते २६ जानेवारी १९५० रोजी. गोव्याला त्यासाठी १९६१ च्या डिसेंबरापर्यंत थांबावे लागले. स्वतंत्र न्यायासन नसले म्हणजे काय होते, हे गोमंतकीयांनी डोळ्यांनी पाहिले होते. १९४६ साली त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा यांना पोर्तुगीज लष्करी न्यायमंडळाने आठ वर्षांची शिक्षा दिली आणि त्यांना सातासमुद्रापार पेनिशच्या किल्ल्यात नेऊन ठेवले. न्यायमंडळ हे नाव असले तरी तेथे फिर्यादी आणि न्यायाधीश एकाच सत्तेचे सेवक होते.

संविधानाने न्यायाधीशाला ते कवच दिले, जे रामशास्त्र्यांना नव्हते आणि ग्रँट यांनाही नव्हते. संसदेच्या दोन्ही सभागृहांच्या विशेष बहुमतावाचून त्याला काढता येत नाही. नेमणुकीनंतर त्याचा पगार त्याला प्रतिकूल असा बदलता येत नाही. येथे ही कहाणी सुखाने संपावयास हवी होती. ती संपली नाही.

१९७५ च्या जूनमध्ये आणीबाणी पुकारली गेली. मिसा कायद्याखाली हजारो माणसे विनाचौकशी स्थानबद्ध झाली. त्याच वर्षी मुंबईच्या वकिलांनी नागरिकांच्या हक्कांचा विचार करण्यासाठी बंद सभागृहात सभा घेण्याचे ठरविले. पोलिसांनी परवानगी नाकारली तेव्हा ते हायकोर्टात गेले आणि हायकोर्टाने त्यांचे म्हणणे उचलून धरले. स्थानबद्धांचे हेबियस कॉर्पसचे अर्ज चालू शकतात, असा निर्णय देशातील नऊ हायकोर्टांनी दिला. सरकारने सुप्रीम कोर्टात अपील केले. जबलपूरच्या अतिरिक्त जिल्हा दंडाधिकाऱ्याच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या त्या प्रकरणात स्थानबद्धांच्या बाजूने शांतिभूषण, सोली सोराबजी आणि मूळचे सासवडचे, मुंबई हायकोर्टाचे माजी न्यायमूर्ती वि. म. तारकुंडे असे वकील उभे होते. एखाद्या पोलिसाने वैरापोटी कोणाचा जीव घेतला तर दाद मागता येईल काय, असे न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी विचारले असता, आणीबाणी आहे तोवर नाही, असे सरकारच्या वकिलाला कबूल करावे लागले. तरीही २८ एप्रिल १९७६ रोजी पाचांपैकी चार न्यायमूर्तींनी सरकारच्या बाजूने कौल दिला. एकट्या खन्ना यांनी विरुद्ध मत नोंदविले. त्या चौघांत मराठी मंडळींना ज्यांचा अभिमान वाटे ते यशवंतराव चंद्रचूडही होते. पुढच्या जानेवारीत खन्ना यांचा सेवाज्येष्ठतेचा हक्क डावलून दुसऱ्यास सरन्यायाधीश नेमण्यात आले आणि खन्ना यांनी राजीनामा दिला. एलेनबरोच्या पत्रातील युक्ती स्वतंत्र भारतातही वापरता आली.

सन १८२९ आणि १९७६ यांत मात्र एक मोठा फरक होता. खन्ना एकटे पडले, पण त्यांचे मत एकटे राहिले नाही. वकिलांनी ते वाचले, वृत्तपत्रांनी छापले, लोकांनी ते ध्यानात ठेवले. १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने असे ठरले की, आणीबाणीतही जीविताच्या आणि व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काची दारे बंद करता येणार नाहीत. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने १९७६ चा निकाल चुकीचा ठरवून रद्द केला. तसे सांगणारे निकालपत्र लिहिणाऱ्यांत यशवंतरावांचे पुत्र धनंजय चंद्रचूड हे होते. पित्याचा निकाल पुत्राने मोडला, याचे कौतुक पुष्कळ झाले. कौतुकाची खरी गोष्ट ही की, न्यायसंस्थेने स्वतःची चूक स्वतःच्याच पद्धतीने, उघड्या कोर्टात आणि कारणे देऊन दुरुस्त केली. १९५६ साली मुंबई हायकोर्टात सरन्यायाधीश छागला यांनी टिळकांच्या उद्गारांची शिला बसविली, तेव्हाही असेच घडले होते.

या दुरुस्तीला चाळीस वर्षे लागली, हे विसरता येत नाही. स्थानबद्धांच्या आयुष्यातील जे महिने तुरुंगात गेले ते कोणत्याही निकालाने परत आले नाहीत. मोरो रघुनाथ या मुलाला तर कोर्टापुढे उभे राहून स्वतःच्या तोंडाने काही सांगण्याची संधीही मिळाली नाही. त्याचे पुढे काय झाले यापेक्षा त्याच्या प्रकरणात कोण जिंकले, याचीच चर्चा अधिक झाली. न्यायासन आणि राजसत्ता यांच्या झगड्यांत असे नेहमीच घडते. थोरांच्या अधिकाराचा वाद रंगतो आणि ज्याच्यासाठी तो सुरू झाला, तो माणूस कोठडीतच राहतो.

रामशास्त्र्यांना गाव गाठावे लागले, ग्रँट यांना कोर्ट बंद करावे लागले, खन्ना यांना खुर्ची सोडावी लागली. तिघांचेही शील थोर होते. परंतु ज्या राज्यात न्यायाधीशाला न्याय देण्यासाठी थोर व्हावे लागते, त्या राज्याची घडण अजून पुरी झालेली नाही, असेच म्हटले पाहिजे. साधारण धैर्याच्या न्यायाधीशालाही निर्भयपणे निकाल देता यावा, साधारण कुवतीच्या वकिलालाही सरकारविरुद्ध उभे राहता यावे आणि निकाल सरकारविरुद्ध गेला तरी दुसऱ्या दिवशी तो मुकाट्याने अमलात यावा, ही स्वतंत्र न्यायालयाची खरी खूण. कायद्याचे कवच मिळाले आहे. सही-शिक्क्याचा कागद मुंबईहून पुण्यास पोहोचतो आहे. तो वाचून तुरुंगाचे दार उघडले जाते की नाही, याकडे डोळ्यांत तेल घालून पाहणे हे मात्र वकिलांचे, वृत्तपत्रांचे आणि नागरिकांचेच काम आहे.